वायूपासून वीज : उरणच्या झोतापासून वरठीच्या दिव्यापर्यंत

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर सोडून पूर्वेकडे निघालेली गाडी सुमारे तासाभरात भंडारा रोड स्थानकात येते. नाव भंडाऱ्याचे असले तरी हे स्थानक मोहाडी तालुक्यातील वरठी या गावी आहे. एका बाजूस धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूस पोलाद कारखान्याची धुराडी आणि मधून विजेच्या तारांखालून धावणाऱ्या गाड्या असे या गावाचे रूप आहे. शेती, उद्योग आणि वाहतूक हे विजेचे तीनही मोठे ग्राहक येथे एका नजरेच्या टप्प्यात येतात.

सायंकाळी सातच्या सुमारास या गावात घराघरांतील दिवे आणि पंखे एकाच वेळी सुरू होतात. बाजारातील दुकाने उजळतात, पिठाच्या गिरण्यांवर गर्दी असते, कारखान्याच्या भट्ट्या तर रात्रंदिवस चालूच असतात. राज्यातील हजारो गावांत आणि शहरांत त्याच घटकेला हेच घडते. नेमक्या त्याच वेळी सूर्य मावळलेला असतो आणि दिवसभर वीज देणारी सौर ऊर्जा केंद्रे शांत झालेली असतात. ही उणीव तत्काळ भरून कोण काढणार, हा आजच्या वीज व्यवस्थेपुढील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग वरठीपासून शेकडो किलोमीटर दूर, कोकणच्या किनाऱ्यावर आहे. तेथे नैसर्गिक वायूवर चालणारी वीज केंद्रे उभी आहेत.

विजेचा एकच तलाव

विदर्भ ही कोळशाची भूमी आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, मौदा आणि तिरोडा येथील मोठी औष्णिक केंद्रे कोळशावर चालतात. पेंच नदीवर तोतलाडोह येथे जलविद्युत केंद्र आहे. वरठीला येणारी वीज बहुतांशी जवळच्या अशा केंद्रांतून येत असली पाहिजे, असे कोणासही वाटेल आणि ते पुष्कळसे खरेही आहे. परंतु विजेच्या बाबतीत अमुक गावाला अमुक केंद्राची वीज असा हिशेब शेवटपर्यंत मांडता येत नाही.

भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. जुन्या मालगुजारी तलावात अनेक ओढ्यानाल्यांचे पाणी येते आणि एकदा ते तलावात मिसळले की कोणत्या शेतात कोणत्या नाल्याचे पाणी गेले, हे सांगता येत नाही. पारेषण वाहिन्यांचे जाळे हा असाच विजेचा तलाव होय. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेकडील राज्यांचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि संपूर्ण भारत एकाच विद्युत जाळ्यात आला. उरण येथे निर्माण झालेली वीज आणि तिरोड्यात निर्माण झालेली वीज आज एकाच जाळ्यात मिसळते.

मात्र या उपमेला एक मर्यादा आहे. तलावातील पाणी साठून राहते, तारांच्या जाळ्यात वीज साठत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते, त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. मागणी व पुरवठा यांचा तोल सुटला तर सेकंदाला ५० आवर्तने हे ठरलेले प्रमाण ढळू लागते आणि तोल फारच बिघडला तर जाळे कोसळू शकते. म्हणून कोणते केंद्र किती वीज देऊ शकते याइतकेच ते किती लवकर देऊ शकते, यालाही महत्त्व आहे. वायू केंद्रांचे खरे मोल येथे कळते.

नैसर्गिक वायू म्हणजे काय

स्वयंपाकघरातील सिलिंडरमधील गॅस आणि नैसर्गिक वायू हे एकच आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. सिलिंडरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात आणि ते हवेपेक्षा जड असतात. नैसर्गिक वायूत मुख्यत्वे मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असून जमिनीखालच्या किंवा समुद्रतळाखालच्या खडकांत, बहुधा खनिज तेलाच्या सोबतीने सापडतो. शेणखताच्या गोबर गॅस संयंत्रातून मिळणाऱ्या वायूचा ज्वलनशील भाग म्हणजेही मिथेनच होय. म्हणून गोबर गॅसची शेगडी पाहिलेल्या शेतकऱ्याला नैसर्गिक वायू सर्वस्वी अनोळखी नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या वायूचा इतिहास १९७४ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रात ‘बॉम्बे हाय’ या क्षेत्रात तेलाचा शोध लागला आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेलासोबत वायूही वर येऊ लागला. प्रारंभीच्या काळात तो सगळा वापरण्याची सोय नव्हती. त्यामुळे त्यातील काही भाग समुद्रातच जाळून टाकावा लागे. सागरतळावरून टाकलेल्या वाहिनीने हा वायू रायगड जिल्ह्यातील उरणच्या किनाऱ्यावर आणण्यात आला. त्याचा एक उपयोग वीजनिर्मितीसाठी करावा, या विचारातून महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे उरण वायू टर्बाइन केंद्र आकारास आले. तेथील ६० मेगावॅटचे पहिले चार संच १९८२ च्या सुमारास उभे राहिले. पुढे १०८ मेगावॅटचे आणखी चार संच ऐंशीच्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाल्यावर हे केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले.

झोताचे सामर्थ्य

कोळशाच्या केंद्रात इंधन जाळून पाण्याची वाफ केली जाते आणि ती वाफ टर्बाइनची पाती फिरवते. वायू टर्बाइनमध्ये वाफेची मध्यस्थी नसते. इंधन जाळून निर्माण झालेले तप्त दहनवायूच पात्यांवर आदळतात. या यंत्राचे मुख्य भाग तीन आहेत.

पहिला भाग संपीडक होय. बाहेरची हवा गाळण्यांतून स्वच्छ होऊन त्यात शिरते. एकामागोमाग बसविलेल्या पात्यांच्या अनेक चक्रांतून जाताना ती दाबली जाते आणि तिचा दाब बाहेरील हवेच्या दहा-पंधरा पट किंवा नव्या यंत्रांत त्याहूनही अधिक होतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तशीच येथील हवाही नुसत्या दाबाने तीन-चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

दुसरा भाग दहनकक्ष होय. दाबलेल्या हवेत नैसर्गिक वायू सोडून तो पेटविला जातो. एकदा ज्योत लागली की हवा आणि वायू यांचा ओघ अखंड राहतो आणि ज्योतही अखंड जळत राहते. मोटारीच्या इंजिनाप्रमाणे येथे थांबून थांबून स्फोट होत नाहीत.

तिसरा भाग प्रत्यक्ष टर्बाइन होय. हजार अंशांहून अधिक तापलेला, दाबाखालील झोत प्रसरण पावत टर्बाइनच्या पात्यांतून वेगाने जातो आणि पात्यांसह दांडा फिरतो. आधुनिक मोठ्या यंत्रांत हे तापमान दीड हजार अंशांच्याही पुढे जाते. एवढ्या उष्णतेत साधे पोलाद टिकणार नाही. म्हणून ही पाती निकेलच्या खास मिश्रधातूंची केलेली असतात. त्यांच्या आत बारीक पोकळ मार्ग असून त्यांतून तुलनेने थंड हवा खेळवून पाती सुरक्षित ठेवली जातात.

हे तिन्ही भाग एकाच दांड्यावर किंवा त्याच्या भोवती बसविलेले असतात. टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक शक्ती संपीडक फिरविण्यातच खर्ची पडते. उरलेली शक्ती जनित्राला मिळते. जनित्रातील विद्युत चुंबक मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतो आणि त्याच्या भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत सेकंदाला ५० आवर्तनांची वीज उत्पन्न होते. यंत्र आरंभी बाहेरच्या शक्तीने, म्हणजे विद्युत मोटारीने किंवा डिझेल इंजिनाने फिरवावे लागते. ठरावीक वेग आल्यावर ज्योत पेटवली की ते स्वतःच्या बळावर चालू लागते.

या कल्पनेला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील जॉन बार्बर याने १७९१ मध्येच अशा यंत्राचे पेटंट घेतले होते. परंतु संपीडकाची शक्ती भागवून काही शिल्लक उरेल, असे यंत्र घडविण्यास दीडशे वर्षे लागली. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या शहरात १९३९ मध्ये ४ मेगावॅटचे वायू टर्बाइन वीजनिर्मितीसाठी बसविण्यात आले. तेलावर चालणाऱ्या त्या यंत्रात इंधनाच्या शंभर भाग उष्णतेपैकी सतरा-अठरा भागांचीच वीज होत असे.

एकाच इंधनातून दोनदा वीज

वायू टर्बाइनचा मोठा दोष त्याच्या शेवटच्या टोकाशी दिसतो. पाती फिरवून बाहेर पडणारे दहनवायू अद्याप पाचशे ते सहाशे अंश तप्त असतात. ते सरळ धुराड्यातून आकाशात सोडले तर इंधनातील सुमारे दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. उरणच्या पहिल्या टप्प्यातील संच याच साध्या पद्धतीचे होते.

या दोषावरील उपाय म्हणजे संयुक्त चक्र होय. टर्बाइनमधून निघालेले तप्त वायू धुराड्यात सोडण्यापूर्वी एका खास बाष्पकातून, म्हणजे बॉयलरमधून नेले जातात. त्यात पाण्याच्या नळ्यांच्या रांगा असतात. वायूंची उष्णता घेऊन नळ्यांतील पाण्याची वाफ होते. ती वाफ दुसऱ्या, म्हणजे बाष्प टर्बाइनला फिरवते आणि त्याच्या जनित्रातून अधिक वीज मिळते. काम झालेली वाफ संघनकात थंड होऊन पुन्हा पाणी बनते आणि बाष्पकाकडे परत जाते. भाताच्या पेजेचे पाणी न फेकता त्याचाही उपयोग करून घेणाऱ्या गृहिणीचीच ही काटकसर आहे.

उरण येथे उष्णता परत मिळविणारे १२० मेगावॅटचे दोन बाष्प संच १९९४ मध्ये कार्यान्वित झाले. त्यांच्यासाठी निराळे इंधन लागत नाही. जुने ६० मेगावॅटचे संच आता सेवेतून गेले आहेत. १०८ मेगावॅटच्या चार वायू संचांची क्षमता ४३२ मेगावॅट होते. त्यांत बाष्प संचांचे २४० मेगावॅट मिळविले की केंद्राची एकूण क्षमता ६७२ मेगावॅट भरते. म्हणजे जो वायू ४३२ मेगावॅटसाठी जाळावा लागतो, तेवढ्यातच दीडपटीहून अधिक वीज मिळू शकते. मुंबईत तुर्भे येथील टाटा कंपनीच्या केंद्रातही याच पद्धतीचा १८० मेगावॅटचा संच नव्वदच्या दशकात उभा राहिला.

सामान्य ग्राहकाच्या भाषेत हिशेब मांडला तर तो असा होईल. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी इतकी ऊर्जा असते. एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळल्यास सुमारे ९,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. साध्या वायू टर्बाइनमध्ये तिच्यातील तीस टक्क्यांची वीज झाली, तर घनमीटरमागे सुमारे तीन युनिटे मिळतात. संयुक्त चक्रात पन्नास टक्क्यांची वीज झाली, तर पाच युनिटे मिळतात. जगातील अद्ययावत संयंत्रांनी साठ टक्क्यांची मर्यादाही ओलांडली आहे. कोळशाच्या केंद्रांत हे प्रमाण सर्वसाधारणपणे तेहेतीस ते चाळीस टक्के असते.

वरठीतील तेच तत्त्व

वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज निर्माण करण्याचे हे तत्त्व पाहण्यासाठी वरठीकरांना कोकणात जाण्याची आवश्यकता नाही. गावातील सनफ्लॅग आयर्न अँड स्टील या पोलाद कारखान्यात लोहखनिजापासून स्पंज आयर्न तयार करण्याची फिरती भट्टी आहे. ही भट्टी नैसर्गिक वायूवर चालत नाही, कोळशावर चालते. परंतु तिच्यातून बाहेर पडणारे वायू अतिशय तप्त असतात. ते बाष्पकातून नेऊन त्यांच्या उष्णतेने वाफ करावयाची आणि त्या वाफेवर टर्बाइन चालवून कारखान्याच्या गरजेपैकी काही वीज तेथेच निर्माण करावयाची, अशी व्यवस्था तेथे आहे.

उरणच्या बाष्प संचात आणि वरठीच्या कारखान्यातील बाष्प संचात मूळ सिद्धान्ताचा फरक नाही. एका ठिकाणी उष्णता वायू टर्बाइनकडून येते आणि दुसऱ्या ठिकाणी लोखंडाच्या भट्टीकडून येते, एवढाच भेद आहे. अशा रीतीने वाचलेले प्रत्येक युनिट सार्वजनिक जाळ्यावरील भार तेवढ्याने हलका करते.

तत्परता हा गुण

कोळशाचा थंड पडलेला संच पुन्हा सुरू करण्यास अनेक तास लागतात. बाष्पकाच्या जाड भिंती आणि टर्बाइनचे अवजड भाग हळूहळू तापवावे लागतात. घाई केली तर त्यांना तडे जाण्याचा धोका असतो. साध्या वायू टर्बाइनला बाष्पक नसतो. त्यामुळे ते अर्ध्या तासाच्या आत पूर्ण भार घेऊ शकते. संयुक्त चक्रात वायू टर्बाइन आधी वीज देऊ लागते आणि बाष्प संच काही काळाने मागून येऊन मिळतो.

हा गुण आता पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला आहे. वन्य प्राणी आणि साप यांच्या भीतीत रात्री ओलीत करावे लागू नये, यासाठी शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील जुनी मागणी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये याच उद्देशाने सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिला नवे व्यापक रूप देण्यात आले. उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परंतु दिवसाची सौर वीज जसजशी वाढते, तसतसा सायंकाळचा चढ अधिक तीव्र होतो. तासा-दोन तासांत सूर्याची वीज शून्यावर येते आणि घराघरांतील मागणी मात्र वाढते. हा चढ चढण्यासाठी कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे, विजेचे मोठे संचायक आणि वायू केंद्रे हीच तत्पर साधने आहेत.

२०२४ च्या उन्हाळ्यात याचा प्रत्यय आला. वाढती मागणी लक्षात घेऊन केंद्र शासनाने विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ११ अन्वये देशातील वायू केंद्रांना १ मे ते ३० जून या काळात वीजनिर्मितीसाठी सज्ज राहण्याचे निर्देश दिले. एरवी बंद असलेल्या कित्येक केंद्रांना त्यामुळे कडक उन्हाळ्यात उपयोगी पडण्याची संधी मिळाली.

उन्हाळ्याची एक अडचणही येथे नोंदविली पाहिजे. हवा जितकी तापते, तितकी ती विरळ होते आणि संपीडकात तिचे वजन कमी भरते. त्यामुळे हवेचे तापमान एका अंशाने वाढले की वायू टर्बाइनची शक्ती सुमारे अर्धा टक्का किंवा थोडी अधिक घटते. किनाऱ्यावरील यंत्राला त्यामानाने सौम्य हवा लाभते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. तेथे तेच यंत्र बसविले, तर ऐन गरजेच्या वेळी त्याची शक्ती कमी पडेल किंवा आत जाणारी हवा थंड करण्याची निराळी सोय करावी लागेल.

यंत्र आहे, इंधन नाही

वायू केंद्रे इतकी गुणकारी असतील तर ती सर्वत्र का चालत नाहीत, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. देशात वीस हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेची वायू केंद्रे उभी राहिली. परंतु एकूण वीजनिर्मितीत त्यांचा वाटा अलीकडच्या वर्षांत दोन-तीन टक्क्यांच्याच आसपास राहिला आहे. याचे कारण यंत्रात नाही, इंधनात आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने उभारलेल्या या प्रकल्पाचा वीज खरेदी करार १९९३ मध्ये झाला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. तो त्या वेळी नाफ्था या महाग इंधनावर चालत होता. विजेच्या दरावरून वाद वाढत गेला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००५ च्या जुलैमध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या सहभागातून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही नवी कंपनी स्थापन झाली आणि १,९६७ मेगावॅटचे हे केंद्र तिच्याकडे आले.

पुढे बंगालच्या उपसागरातील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून २००९ मध्ये वायू मिळू लागला आणि देशभरातील वायू केंद्रांच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु त्या क्षेत्राचे उत्पादन अपेक्षेप्रमाणे टिकले नाही. ते झपाट्याने घटले आणि २०१३ मध्ये वीज केंद्रांना होणारा पुरवठा थांबला. दाभोळचे संच पुन्हा शांत झाले. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्याच्या निमित्ताने त्यांतील काही क्षमता पुन्हा कामास लागली. एकाच केंद्राला वीस वर्षांत दोनदा निद्रावस्था आली. पहिल्या वेळी दर परवडला नाही आणि दुसऱ्या वेळी इंधन मिळाले नाही.

उरणचे केंद्र देशी वायूवर अवलंबून असल्याने दराच्या बाबतीत त्याची स्थिती अधिक बरी राहिली. तरीही पूर्ण क्षमतेने चालण्याइतका वायू तेथे वर्षानुवर्षे मिळत आलेला नाही.

देशी वायू अपुरा पडला की परदेशातून द्रवरूप वायू आणावा लागतो. उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावर नैसर्गिक वायूचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. तो खास जहाजांतून येतो आणि किनाऱ्यावर पुन्हा वायुरूप केला जातो. मात्र त्याचा दर जागतिक बाजारावर ठरतो. एखाद्या दूरच्या युद्धाने किंवा युरोपातील कडक हिवाळ्याने तो चढू शकतो.

वीज वाटपाचा नियम असा आहे की, स्वस्त वीज देणाऱ्या केंद्राला आधी पाचारण करावयाचे आणि महाग केंद्राला शेवटी. ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्रातून हे संचालन अहोरात्र चालते. विदर्भाच्या विभागासाठी नागपुरात अंबाझरी येथे त्याचे उपकेंद्र आहे. खाणीजवळचे कोळशाचे केंद्र या रांगेत पुढे राहते आणि आयात वायूवरचे केंद्र मागे पडते. हा नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे, कारण महाग वीज घेतली तर तिचा भार अखेर त्याच्याच देयकावर येतो.

स्वच्छता आणि तिच्या मर्यादा

नैसर्गिक वायू जळताना राख राहत नाही आणि गंधकाचे विषारी वायू जवळजवळ निघत नाहीत. राखेचे बंधारे, राखेने माखलेली शेते आणि कोळशाची धूळ यांचा अनुभव असलेल्या विदर्भातील गावांना या गोष्टीचे महत्त्व अधिक जाणवेल. कोळशाच्या केंद्रातून एका युनिटमागे साधारण एक किलोग्रॅमपर्यंत कर्बद्विप्राणील वायू बाहेर पडतो. संयुक्त चक्राच्या वायू केंद्रात हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. बाष्प संचाचा वाटा लहान असल्यामुळे थंड करण्यासाठी पाणीही कमी लागते.

तथापि वायू पूर्णपणे निर्दोष आहे, असे मानणे योग्य ठरणार नाही. अतिउष्ण ज्योतीत हवेतील नायट्रोजनचे हानिकारक ऑक्साइड तयार होतात. त्यांना आळा घालण्यासाठी दहनकक्षाची विशेष रचना करावी लागते. शिवाय मिथेन न जळता हवेत मिसळला तर तो पृथ्वीचे तापमान वाढविण्यात कर्बद्विप्राणील वायूपेक्षा कितीतरी पटींनी अधिक प्रभावी ठरतो. विहिरीपासून केंद्रापर्यंतच्या वाहिन्यांत गळती राहिली, तर वायूच्या स्वच्छतेचा लाभ बराचसा नाहीसा होतो. उष्णतेचा अपव्यय जसा टाळावा लागतो, तसाच खुद्द वायूचाही अपव्यय टाळावा लागतो.

पूर्वेकडे येणारी वाहिनी

आतापर्यंत नैसर्गिक वायू प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्याच्या आसपासच्या प्रदेशाला उपलब्ध होता. मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही गेल कंपनीची दीर्घ वाहिनी हे चित्र पालटण्यासाठी आखण्यात आली. मुंबई ते नागपूर या तिच्या टप्प्याचा मोठा भाग समृद्धी महामार्गाच्या कडेने जातो. नागपूरपासून पुढे ती पूर्वेकडे, छत्तीसगडमार्गे ओडिशातील झारसुगुडा येथपर्यंत नेण्याची योजना आहे. वरठीच्या रेल्वेगाड्या जिकडे जातात, तीच ही दिशा होय.

वायू दाराशी आला म्हणजे तेथे लगेच वीज केंद्र उभारावे, असा याचा अर्थ नाही. शेजारीच कोळशाच्या खाणी आणि मोठी औष्णिक केंद्रे असताना निव्वळ वीजनिर्मितीसाठी वायू इतक्या दूर आणून जाळणे परवडेलच, असे म्हणता येत नाही. घरगुती इंधन, वाहने आणि पोलादासारखे उद्योग यांना तो अधिक उपयोगी पडू शकतो. कारखान्याच्या भट्टीत वायू वापरून त्याच्या उष्णतेतून शक्य तेथे वीजही मिळविली, तर एका इंधनाचे दोनदा काम होईल.

वायू केंद्राचे मूल्यमापन केवळ त्याच्या मेगावॅटवरून करता येत नाही, हे उरण आणि दाभोळ यांच्या चार दशकांच्या अनुभवावरून स्पष्ट होते. इंधन आहे का, ते परवडते का आणि त्याच्या उष्णतेचा शेवटचा अंशही कामी लागतो का, हे तीन प्रश्न यंत्र खरेदी करण्यापूर्वीच विचारावे लागतात. जेथे त्यांची उत्तरे होकारार्थी आहेत, तेथे वायू टर्बाइनसारखा तत्पर सेवक दुसरा क्वचितच मिळेल. जेथे ती तशी नाहीत, तेथे कोट्यवधी रुपयांची उत्तम यंत्रे नुसती उभी राहतात आणि त्यांचा खर्च या ना त्या रूपाने जनतेलाच सोसावा लागतो.

या व्यवस्थेत ग्राहकाचीही एक बाजू आहे. सायंकाळच्या दोन-तीन तासांत अनावश्यक दिवा न लावणे आणि शक्य ती यंत्रे दिवसा, सूर्याची वीज मुबलक असताना चालविणे ही साधी शिस्त प्रत्येकाला पाळता येईल. वरठीच्या पिठाच्या गिरणीवरील दळण सातऐवजी दुपारी तीनला झाले, तर सायंकाळचा चढ तेवढ्याने सौम्य होईल आणि किनाऱ्यावर तेवढा वायू शिल्लक राहील. वीज जाळ्यात साठत नसली तरी न जाळलेले इंधन साठून राहते, आणि उद्याच्या सायंकाळी दिवा लावताना तेच उपयोगी पडते.